ओव्हरड्राफ्ट शुल्क: सेवेचे मोल की अडचणीतल्या खातेदाराला दंड?

मूळ मांडणी

खात्यात पुरेशी शिल्लक नसतानाही बँक व्यवहार पुरा करते आणि त्याबद्दल ठरावीक रक्कम कापून घेते, ते ओव्हरड्राफ्ट शुल्क. बँका त्याला सेवेचे मोल म्हणतात. माझ्या मते तो दंड आहे, आणि तो किती वेळा बसणार हे पुष्कळदा खातेदाराच्या नव्हे, बँकेच्या हाती असते.

अमेरिकेच्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने २०१४ साली मांडलेल्या आकडेवारीनुसार, डेबिट कार्डाच्या ज्या व्यवहारांवर हे शुल्क लागले, त्यांतील निम्म्याहून अधिक २४ डॉलर किंवा त्याहून कमी रकमेचे होते आणि बहुतेक खातेदारांनी ती तूट तीन दिवसांत भरून काढली होती. शुल्क मात्र साधारण ३४ डॉलर होते. चोवीस डॉलरच्या तीन दिवसांच्या उचलीवर चौतीस डॉलर घेणाऱ्या सावकाराचा वार्षिक व्याजदर काढला, तर तो सतरा हजार टक्क्यांवर जातो.

त्याहून गंभीर प्रश्न व्यवहारांच्या क्रमाचा आहे. समजा, खात्यात १०० डॉलर आहेत आणि दिवसभरात १०, १५, २० आणि शेवटी ९० डॉलर खर्च झाले. त्याच क्रमाने नोंदी केल्यास फक्त शेवटच्या व्यवहाराला पैसे अपुरे पडतात आणि शुल्क एकदाच लागते. परंतु मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे अशा उतरत्या क्रमाने त्या नावे टाकल्या, तर ९० गेल्यावर १० उरतात, आणि पुढचे तिन्ही लहान व्यवहार शुल्कास पात्र ठरतात. खर्च तोच, तूटही तीच, शुल्क मात्र तिप्पट. ही कल्पनेतली तक्रार नव्हे. कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने २०१० साली नेमक्या याच पद्धतीबद्दल एका मोठ्या बँकेला सुमारे २० कोटी डॉलर खातेदारांना परत करण्याचा आदेश दिला होता.

प्रतिसाद १

क्रमाबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. बँक तारण न घेता, क्षणात, कोणताही अर्ज न मागता पैसे पुढे करते, आणि काही खातेदार ते कधीच परत करत नाहीत. घरभाड्याचा धनादेश न वटता परत गेला किंवा विम्याचा हप्ता चुकला, तर होणारे नुकसान या शुल्काहून कितीतरी मोठे असते, हे आपल्या व्याजदराच्या गणितात कोठेच येत नाही. टॅक्सीचे भाडे किलोमीटरमागे मोजून ते विमानापेक्षा महाग आहे असे म्हणण्यासारखा हा हिशेब आहे.

शुल्कावर बंदी आणली की बोजा नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२०पासून ओव्हरड्राफ्टवरील ठोक शुल्के बंद झाली आणि एकच वार्षिक व्याजदर सांगणे सक्तीचे झाले. त्यानंतर अनेक बँकांनी तो दर ४० टक्क्यांच्या आसपास नेला. ठरलेल्या मर्यादेत शिस्तीने उचल करणाऱ्या काही खातेदारांना त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त मोजावे लागले.

प्रतिसाद २

मी काही वर्षे बँकेच्या ग्राहक विभागात काम केले आहे. ज्या खातेदाराने शुल्क लागल्याबरोबर फोन करून, आपले खाते जुने आहे आणि ही पहिलीच वेळ आहे असे शांतपणे सांगितले, त्याचे शुल्क आम्ही बहुधा परत जमा करत असू. तसा अधिकारच आम्हाला दिलेला होता. मात्र मागितल्याशिवाय ते कोणालाही परत मिळत नसे. ज्यांना हे शुल्क खरोखर जड जात होते, ते पुष्कळदा संकोचाने फोनच करत नसत, आणि ही गोष्ट मला आजही टोचते. म्हणून आग्रहाने सांगतो, की मागा, आणि पहिल्या अधिकाऱ्याने नकार दिला तर त्याच्या वरिष्ठांकडे मागा.

प्रतिसाद ३

शिल्लक पाहून खर्च करावा, एवढे साधे पथ्य पाळले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेल्यास संदेश मिळण्याची सोय करावी, हप्त्यांच्या तारखा पगार जमा झाल्यानंतरच्या ठेवाव्यात आणि बचत खाते जोडून घ्यावे.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद ३मधील उपाय मी स्वतः पाळतो, तरीही मला शुल्क लागले. कार्ड वापरले तेव्हा शिल्लक पुरेशी होती. दोन दिवसांनी रक्कम प्रत्यक्ष वळती झाली तेव्हा मध्येच दुसरा हप्ता गेल्यामुळे ती अपुरी पडली. शिल्लक पाहूनच खर्च करणाऱ्याने आणखी काय पाहायचे? अशा शुल्काला वर उल्लेखलेल्या अमेरिकी विभागानेही २०२२ साली अन्याय्य ठरण्याजोगे म्हटले होते.

धनादेशाचा मुद्दा मला मान्य आहे. घरभाड्यासाठी बँकेने पैसे पुढे केले, तर त्याचे मोल मी देईन. पण किरकोळ खरेदीच्या वेळी कार्ड नाकारले गेले तर खातेदाराचे काहीच बिघडत नाही. तो वस्तू ठेवून परत येईल. अमेरिकेत २०१०पासून एटीएम आणि कार्डाच्या एकवेळच्या व्यवहारांवर हे शुल्क लावण्यासाठी खातेदाराची आगाऊ संमती लागते, ती याच कारणासाठी. धनादेश आणि दरमहा आपोआप जाणारे हप्ते त्या नियमात येत नाहीत, त्यामुळे "मला ही सोय नको" असे कळवलेल्या खातेदारालाही शुल्क लागू शकते, आणि हे त्याला शुल्क लागल्यावरच कळते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

संमतीची कक्षा वाढवावी आणि व्यवहार ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने नोंदवावेत, या दोन्हींना माझा पाठिंबा आहे. माझा विरोध शुल्कावरील सरसकट कमाल मर्यादेला आहे. अमेरिकेत मोठ्या बँकांना हे शुल्क ५ डॉलरपर्यंत ठेवण्याचा पर्याय देणारा नियम डिसेंबर २०२४मध्ये आला आणि मे २०२५मध्ये रद्दही झाला. त्याआधीच काही मोठ्या बँकांनी हे शुल्क स्वतःहून पूर्ण बंद केले होते. ज्या खातेदाराला ते नको आहे, त्याने अशा बँकेत खाते हलवावे.

मूळ लेखक

खाते हलवण्यापूर्वी जुन्या खात्यातली तूट आणि तिच्यावर चढलेली सगळी शुल्के भरावी लागतात. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत, त्याला मुळात हे शुल्क लागलेच नसते.