मदत हवी आहे: स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप मिळणार आहे, समितीत काय विचारू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी मध्य न्यू जर्सीत राहते. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) येत्या सप्टेंबरपासून किंडरगार्टन ते बारावीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायचं ठरवलं आहे. सगळी मिळून साडेचार हजारांच्या आसपास मुलं. आत्तापर्यंत क्रोमबुकची (गूगलच्या प्रणालीवर चालणारे साधे लॅपटॉप) कार्ट, म्हणजे चाकांचं कपाट, वर्गावर्गांत फिरायची आणि तास संपला की सगळे परत कार्टमध्ये जायचे. आता ज्याचा लॅपटॉप त्याच्या नावावर, आणि चौथीपासून पुढे घरीही न्यायला परवानगी. यासाठी नेमलेल्या समितीत दोन पालक आहेत, त्यातली एक मी. बोर्डापुढे (डिस्ट्रिक्टचे निर्णय घेणारं मंडळ) शिफारशी जाण्याआधी आमची अजून एक बैठक आहे. मी पेशाने फार्मसिस्ट आहे, शाळेच्या आयटीतलं मला फारसं कळत नाही. इथे शाळांमध्ये नोकरी करणारे, जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे.

माझा योजनेला विरोध नाही. आमच्या गावात मोठ्या बंगल्यांचा भाग आहे तशी हायवेलगतची जुनी अपार्टमेंटंही आहेत. तिथल्या काही आया फार्मसीत येतात तेव्हा सोबतचा मुलगा त्यांच्या फोनवर गृहपाठ करत असतो, आणि त्या फोनची वाट बघत धाकटी बहीण शेजारी उभी असते. त्या दोघांना आपापला लॅपटॉप मिळाला पाहिजे, यात मला काही शंका नाही. पण बैठकांत बोलणं होतं ते कोणतं मॉडेल आणि एकाची किंमत किती एवढ्यावरच. तक्त्यात पहिल्या वर्षाचा खर्च डॉलरपर्यंत बरोबर मांडलाय. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे रकाने रिकामे आहेत.

मी जमेल तसं वाचलं. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण लॉस एंजेलिसचं. २०१३ मध्ये तिथे प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायला सुरुवात झाली, पूर्ण योजना शंभर कोटी डॉलरच्या वर जाणारी होती. काही आठवड्यांत हायस्कूलच्या मुलांनी सुरक्षेची प्रोफाइल पुसून नको त्या साइट अडवणारा फिल्टर उडवला, त्यात भरलेला अभ्यासक्रम अर्धवट निघाला, आणि कीबोर्डचा खर्च सुरुवातीला धरलेलाच नव्हता. २०१४ मध्ये करार थांबला, सुपरिंटेंडंटनी (डिस्ट्रिक्टचे प्रमुख अधिकारी) राजीनामा दिला, वर एफबीआयने कागदपत्रं नेली. आमच्या जवळचंच होबोकेन घ्या. त्यांनी फेडरल निधीतून मुलांना लॅपटॉप दिले आणि २०१४ मध्ये योजना गुंडाळली, कारण फुटलेले पडदे, गेलेल्या बॅटऱ्या, व्हायरस आणि हरवलेली यंत्रं निस्तरण्यातच माणसांचा वेळ जात होता.

याउलट मेन राज्य. गव्हर्नर अँगस किंग यांच्या आग्रहामुळे २००२ मध्ये राज्यातल्या सातवीच्या सगळ्या मुलांना आणि पुढच्या वर्षी आठवीच्यांना लॅपटॉप मिळाले. तिथे मुलांच्या आधी शिक्षकांना दिले, आणि शाळेतलं वायरलेस नेटवर्क, दुरुस्ती, प्रशिक्षण हे सगळं त्याच करारात होतं. वीस वर्षांनंतरही ती योजना चालू राहिली. लॉस एंजेलिस आणि मेन, दोन्हीकडची यंत्रं ॲपलचीच. मग फरक कशाने पडला, हे मला बैठकीत ठामपणे मांडायचं आहे.

माझ्या मनात असलेले प्रश्न असे: दुरुस्तीला किती माणसं लागतात? लॅपटॉप फुटला तर पालकांकडून पैसे घ्यावेत का? घरी इंटरनेट नसलेल्यांचं काय? लहान मुलांना घरी द्यावाच का? आणि जे मला सुचलेलंही नाही ते कृपया सांगा.

कौलारू

रानजाई, मी पेनसिल्व्हेनियातल्या एका डिस्ट्रिक्टच्या आयटी विभागात आहे, रोज हेच काम. तुमचे ते रिकामे रकाने हाच सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे, तो सोडू नका.

क्रोमबुक घेणार असतील तर पहिला प्रश्न विचारा: या मॉडेलचे ऑटोमॅटिक अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार? ही तारीख तुम्ही कधी विकत घेतलं त्यावरून ठरत नाही, मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात कधी आला त्यावरून ठरते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांवर नेली, त्यामुळे आता बरं आहे. तरीही विक्रेते जुना माल स्वस्तात देतात, आणि दहातली चार वर्षं गोदामातच संपलेली असतात. अपडेट थांबले की बँकांसारख्या कडक साइट आणि राज्याच्या परीक्षांचं सॉफ्टवेअर हळूहळू नाकारायला लागतात. निविदेतच लिहून घ्या की खरेदीच्या दिवसापासून इतकी वर्षं अपडेट शिल्लक पाहिजेत. विंडोज घेणार असाल तर जुनी नूतनीकरण केलेली यंत्रं अजिबात नकोत, त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज १० च चालतं, आणि त्याचा कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुसरं म्हणजे साडेचार हजार मुलांना साडेचार हजार यंत्रं पुरत नाहीत. आम्ही दहा टक्के जादा ठेवतो. मुलाने फुटलेला आणून दिला की त्याच क्षणी त्याच्या हातात बदली यंत्र द्यायचं. ते नसेल तर मूल वर्गात नुसतं बसून राहतं, आणि बाईंनी तासाची आखणी तर प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे असं धरून केलेली असते. चार्जर त्याहून जास्त लागतात. लॅपटॉप हरवण्याचं प्रमाण फार नाही, चार्जर मात्र सतत हरवतात.

फुटतं काय, तर पडदा, कीबोर्डच्या कळा आणि चार्जिंगचं छिद्र. म्हणून बोर्डाला दाखवायला आणलेलं यंत्र उघडून बघा. चार्जिंगचं पोर्ट मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) डाख देऊन पक्कं केलेलं असेल तर पोर्टाबरोबर अख्खा बोर्ड जातो. वेगळ्या छोट्या पट्टीवर असेल तर पंधरा मिनिटांचं काम. कीबोर्ड सुटा निघतो का, सुटे भाग पाच वर्षं मिळणार का, हेही विचारा. २०२५ च्या मे महिन्यात टिकटॉकवर क्रोमबुकच्या पोर्टात धातूच्या वस्तू खुपसून धूर काढायचं खूळ आलं होतं. लिथियमची बॅटरी आहे, खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. वर्गशिक्षकांना अशा वेळी काय करायचं हे कोणीतरी शिकवलेलं असलं पाहिजे.

माणसांचं म्हणाल तर सध्या तुमच्याकडे किती तंत्रज्ञ आहेत ते आधी सांगा.

रानजाई

दोन, आणि त्यातले एक अर्धवेळ. प्रिंटर, प्रोजेक्टर, फोन सगळं त्यांच्याकडेच.

कौलारू

मग हे बोर्डाला याच शब्दांत सांगा. पूर्णवेळ दुरुस्तीसाठी निदान दोन नवीन माणसं, किंवा दुरुस्तीचा बाहेरचा करार. त्या करारात किती दिवसांत यंत्र परत, हे लिहिलेलं हवं. आमच्याकडे हायस्कूलच्या मुलांना दुरुस्ती शिकवून क्रेडिट देतात, ती मुलं पडदे फार सफाईने बदलतात. पण तेवढ्यावर सगळं सोपवता येत नाही.

अबोली_के

मी दुसरीला शिकवते, टेक्ससमध्ये. आमच्याकडे लहान मुलांचे लॅपटॉप वर्गातच राहतात आणि तेच योग्य आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात डबा, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप एकत्र जातात, पुढचं सांगायला नको. शिवाय किंडरगार्टनच्या मुलाला पासवर्ड टाकता येत नाही, क्यूआर कोडचं कार्ड द्यावं लागतं. एक विनंती करते: समितीत शिक्षक किती आहेत ते बघा. आम्हाला यंत्रं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली, मुलांच्या दोन दिवस आधी. त्या वर्षी बहुतेकींनी जुनीच वर्कशीट्स पडद्यावर दाखवली, दुसरं काही करायला सवडच नव्हती. शिक्षकांना निदान एक सत्र आधी द्या.

खडूफळा

नमस्कार ताई. मी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. अमेरिकेतलं मला माहीत नाही, पण आमच्या जिल्ह्यातलं सांगतो. २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा (गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप द्यायची जागतिक योजना) भारतातला पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत झाला. वीसेक मुलं, पहिली ते चौथी, हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. मुलं तो घरी नेत, घरातले सगळे भोवती जमत. त्या गावाची आठवण आमच्या भागातल्या शिक्षकांत अजून निघते. एका शाळेत एक मनापासून करणारा शिक्षक असला की काय होतं ते तिथे दिसलं. पण तेच जिल्हाभर करायचं तर प्रत्येक शाळेत वीज, दुरुस्ती आणि वेळ कुठून आणायचा, याचं उत्तर त्या प्रयोगात नव्हतं. पेरू देशाने तोच लॅपटॉप लाखोंनी वाटला. २०१२ मध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काही फरक आढळला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेटही नव्हतं.

माझा तुम्हाला कळकळीचा सल्ला नुकसानभरपाईबद्दल आहे. आमच्या शाळेला मागे देणगीतून टॅब मिळाले होते. सोबत कागद आला की तुटफूट झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार. परिणाम काय झाला? टॅब कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तपासणीला साहेब आले की मुलांच्या हातात, एरवी कुलूप. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, निवृत्तीला आले होते, पेन्शनमधून कापतील ही भीती. ते टॅब न वापरताच बाद झाले. घरी न्यायच्या लॅपटॉपवर तुम्ही दोनशे-तीनशे डॉलरची जबाबदारी टाकलीत तर ज्या आईकडे ते पैसे नाहीत ती मुलाला म्हणेल, शाळेतच ठेव बाबा, घरी आणू नकोस. म्हणजे ज्याच्यासाठी आणला त्याच्याच घरात तो पोचणार नाही.

रानजाई

सर, हे अगदी नेमकं सांगितलंत. सध्याच्या मसुद्यात पडद्यासाठी पैसे, हरवल्यास पूर्ण किंमत, आणि वर्षाला विम्याचे वेगळे, असं आहे. पैसे भरले नाहीत तर लॅपटॉप घरी न्यायची परवानगी रद्द. ते वाचताना खटकत होतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांना विमा माफ करा असं मी सुचवणार होते. ते पुरेल का?

दिनकर_पी

माफीसाठी अर्ज करायला लावू नका. ज्यांना सगळ्यांत जास्त गरज आहे तेच अर्ज भरत नाहीत, काहींना इंग्रजी येत नाही, काहींना सरकारी कागदावर नाव द्यायची भीती वाटते. मी एका काउंटीच्या हिशेब विभागात आहे. वसुलीची पत्रं पाठवणं, फोन करणं, हिशेब ठेवणं याचा खर्च पुष्कळदा वसुलीइतकाच येतो. नेहमीच्या तुटफुटीचा खर्च सरळ बजेटमध्ये धरा. मुद्दाम केलेल्या नुकसानीसाठी शाळेची शिस्तीची पद्धत आहेच.

पैशाचं अजून एक. काही सदस्य म्हणतील की ई-रेटमधून (शाळांच्या इंटरनेटसाठीचा फेडरल निधी) मिळेल. ई-रेट शाळेपर्यंतच्या इंटरनेटला आणि इमारतीतल्या वाय-फायला मदत करतं, विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपला नाही. २०२१ चा इमर्जन्सी कनेक्टिव्हिटी फंड लॅपटॉप आणि हॉटस्पॉट (मोबाइल नेटवर्कवरून वाय-फाय देणारं छोटं यंत्र) दोन्हीला पैसे द्यायचा, सात अब्ज डॉलरच्या वर, पण तो संपला. त्या पैशातून घेतलेली कोविडकाळातली यंत्रं सगळीकडे एकदमच जुनी होत आहेत. तुमच्या डिस्ट्रिक्टने एकाच वर्षी साडेचार हजार घेतली तर काही वर्षांनी एकाच वर्षी साडेचार हजार बदलावी लागतील. दर वर्षी दोन-तीन इयत्तांची खरेदी केली तर बजेटवर भार सारखा राहतो.

कौलारू

दिनकररावांशी सहमत. घरच्या इंटरनेटचं सांगतो. हॉटस्पॉट देताना महिन्याचा डेटा किती ते पाहा. काही मोफत योजनांत वर्षाला १०० जीबी मिळतो, म्हणजे महिन्याला साधारण आठ. शिक्षकांनी रोज व्हिडिओ पाहायला सांगितले तर पहिल्या पंधरवड्यातच संपतो. त्यामुळे गृहपाठ ऑफलाइन चालेल असा द्यायचा, हे धोरणातच लिहा.

आणि कॅमेऱ्याबद्दल कोणी बोललं का? फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन डिस्ट्रिक्टमध्ये २०१० मध्ये उघडकीला आलं की शाळेने दिलेल्या मॅकबुकच्या कॅमेऱ्यातून मुलांचे त्यांच्या घरातले फोटो निघत होते. चोरीला गेलेली यंत्रं शोधायची सोय होती, ती चालूच राहिली. हजारो फोटो सापडले, ६ लाख १० हजार डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या न्यू जर्सीत २०१३ पासून यावर कायदा आहे. यंत्र काय काय नोंदवू शकतं ते डिस्ट्रिक्टने लेखी कळवायचं, विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या घरातल्या कोणाच्याही खाजगीपणाचा भंग होईल असा वापर करणार नाही असं लिहून द्यायचं, आणि पालकांची पोच जपून ठेवायची. न कळवल्यास प्रत्येक विद्यार्थ्यामागे २५० डॉलर दंड. ही सूचना स्पॅनिश, हिंदी, गुजराती, तुमच्याकडे ज्या भाषा असतील त्या सगळ्यांत निघाली पाहिजे. शाळेने मुलांवर देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर ते शाळेच्या वेळेबाहेर, घरी, बंद होतं का, हे विचारा. बंद करता येतं, फक्त कोणीतरी करायला सांगावं लागतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या उत्तरांवरून चार वर्षांचा तक्ता नव्याने मांडायला घेतला आहे, त्यात जादा यंत्रं, चार्जर, दोन तंत्रज्ञ, सुटे भाग आणि शिक्षकांचं आधीचं सत्र धरलं आहे. तिसरीपर्यंतचे लॅपटॉप वर्गातच राहावेत असंही लिहिते आहे. नुकसानभरपाईचं कलम असं लिहिलंय:

'नेहमीच्या वापरात होणारी तुटफूट आणि पहिल्यांदा हरवलेला चार्जर यांचा खर्च डिस्ट्रिक्ट करील. पैसे भरले नाहीत या कारणाने कोणत्याही विद्यार्थ्याचा लॅपटॉप काढून घेतला जाणार नाही किंवा घरी नेण्यापासून अडवला जाणार नाही.'

सुपरिंटेंडंट विचारतील की मग मुलं निष्काळजी होणार नाहीत का. कौलारू, खडूफळा सर, यावर तुमच्या अनुभवातून काय सांगू?

कौलारू

आम्ही तीन वर्षांपूर्वी शुल्क काढून टाकलं. तुटफुटीचा आकडा फारसा हलला नाही, पण मुलं फुटलेला लॅपटॉप लगेच आणून द्यायला लागली. आधी शुल्काच्या भीतीने आठवडेच्या आठवडे लपवून ठेवायची आणि तोवर बॅटरीही फुगलेली असायची. दर वर्षीच्या दुरुस्तीची नोंद इयत्तेनुसार ठेवा आणि पहिल्या वर्षानंतर बोर्डाला दाखवा, म्हणजे वाद आकड्यांवर होईल. तुमच्या कलमात 'चोरी' शब्दही घाला. पोलीस तक्रारीची प्रत आणली की बदली यंत्र, पैसे न घेता.

रानजाई

घातला. कलमाचं स्पॅनिश भाषांतर माझी एक सहकारी करून देते आहे. गुजराती आणि तेलुगू जाणणारं कोणी इथे असेल तर कृपया संपर्क साधा, बैठकीआधी दोन्ही हवी आहेत.