टूर द फ्रान्स: तीन आठवडे कशाला? एका दिवसात निकाल लावा की!

घाटवेडा
रविवारी पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळला चहाला थांबलो आणि टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीवरून वाद पेटला. (२१ स्टेज म्हणजे टप्पे, सगळ्यांचा मिळून ज्याला सगळ्यात कमी वेळ लागतो तो जिंकतो.) ग्रुपमधला एकजण म्हणाला, "२१ स्टेज, आणि बघायचं काय? घोळका चाललाय, बाजूला सूर्यफुलं." मला पटलं नाही म्हणून इथं टाकतोय. टूरची खरी मजा पाय रिकामे होतात तेव्हा असते. २०२३ चं घ्या. पंधरा स्टेज झाल्या तरी पहिल्या दोघांत, विंगेगोर आणि पोगाचारमध्ये, १० सेकंदांचं अंतर. मग टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध मारायची स्टेज) पोगाचारचे १ मिनिट ३८ सेकंद गेले. दुसऱ्या दिवशी आल्प्समधल्या कोल द ला लोझच्या चढावर त्यानं टीमच्या रेडिओवर सांगूनच टाकलं, संपलो मी. त्या दिवशी पावणेसहा मिनिटं गेली! एवढा तगडा गडी, ताज्या पायांनी असा बसला असता का?

तालीमवाला
भावा, खासबागेत जोड लागली की कोण चितपट ते डोळ्यासमोर कळतं. इथं चार तास नुसतं पाणी प्यायचं आणि जिंकणार कोण, तर ज्याची टीम भारी तो. पोगाचार २०२४ ला ६ मिनिटं १७ सेकंदांनी जिंकला, २०२५ ला ४ मिनिटं २४ सेकंदांनी. शेवटचा आठवडा नुसती वरात.

रंकाळ्याकाठी
वरात तर वरात. जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली, सायकल गॅलरीत टांगलेली. रात्री नऊच्या सुमारास स्टेज संपते, तोवर भाकरी होतात. सासूबाईंना नियम एक कळत नाही, पण "आज पिवळा कुणाकडं?" (म्हणजे पहिल्या नंबरची पिवळी जर्सी) हे रोज विचारतात. एका दिवसाच्या शर्यतीत हे जमतंय होय?

वारा_खाणारा
माझी तक्रार वेगळी आहे. पुढच्याच्या मागं चिकटलं की वारा लागत नाही, म्हणून टीमचे गडी दिवसभर वारा खातात, बाटल्या आणतात आणि नाव होतं एकाचं. त्या लोझवर पोगाचारसोबत मार्क सोलेर थांबला होता, ते किती जणांना आठवतंय? (सांगली रोडला दोन वर्षं मीच पुढं ओढतोय. फोटोत मात्र मी नसतो. असो.)

पंक्चर
२०२५ वरून टूर मोजू नका. १९८९ ला शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा फिन्यों अमेरिकेच्या लेमाँडपेक्षा ५० सेकंदांनी पुढं. लेमाँडनं हँडलला एरो बार (पुढं वाकून वारा कमी लागावा म्हणून लावायचे दांडे) लावले, फिन्योंनं नाही. ३,२८५ किलोमीटरनंतर फिन्यों ८ सेकंदांनी हरला.

तालीमवाला
म्हणजे निकाल शेवटच्या २४.५ किलोमीटरातच लागला ना? मग आधीचं सगळं गाळा की राव!

घाटवेडा
फिन्योंच्या बसायच्या जागी फोड झाला होता. शेवटच्या दिवसांत त्याला सीटवर धड टेकता येत नव्हतं. तो फोड २४.५ किलोमीटरात कुठून आणणार?

तालीमवाला
फोडाचं मान्य. बाकीचं न्हाई. आणि रविवारचा चहा तुझ्याकडं.

वारा_खाणारा
चहाला येतो, पण जाताना पुढं कोण ओढणार ते आधी ठरवा.