प्रतिसाद: मास्तरीणबाई मंत्री झाल्या तेव्हा
शिक्षकांनी राजकारणात जाऊन काय दिवे लावले, असं वर विचारलंय. ब्रिटनमधल्या वेल्सच्या जेन डेव्हिडसन बघा. आधी शाळेत शिकवायच्या. १९९९ला वेल्सची स्वतःची विधानसभा आली तेव्हा लेबर पक्षातर्फे पाँटिप्रिदमधून निवडून आल्या, आणि २०००च्या ऑक्टोबरात शिक्षणमंत्री.

त्यांच्या काळात, २००१मध्ये, वेल्समध्ये निकालांवरून शाळांची क्रमवारी छापणंच बंद झालं. इंग्लंडमध्ये मात्र ती चालूच राहिली. वर्गात उभं राहिलेल्या माणसाला ती क्रमवारी का खुपते, हे सांगायला नको! पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. पुढे ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की क्रमवारी गेल्यावर वेल्समधल्या शाळांची कामगिरी घसरली, फक्त वरच्या पाव हिस्स्यातल्या शाळांवर परिणाम दिसला नाही. २००९च्या पिसा या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही वेल्स मागे पडलं. माझ्या मते हेतू चांगला होता, पण शाळांवर नजर ठेवायची पर्यायी सोय आधी करायला हवी होती.

पुढे मिळालेलं पर्यावरण खातं मात्र त्यांनी गाजवलं. दुकानातल्या पिशवीमागे ५ पेन्स घ्यायचा नियम त्यांच्याच काळातला. ऑक्टोबर २०११मध्ये तो लागू झाला, ब्रिटनमध्ये सगळ्यात आधी. तोवर बाईंनी निवडणूक न लढवता विधानसभा सोडलीही होती.