जुने दावे लपवण्याबद्दल

अमेरिकेत कैद्याने कोर्टात दावा लावताना अर्जात आपले जुने दावे सांगायचे असतात. तो एक रकाना चुकला म्हणून अख्खा दावा फेटाळणं अतीच झालं, असं काहींना वाटतं. पण तो रकाना उगीच नाहीये. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने कैद्याचे तीन दावे निरर्थक, खोडसाळ किंवा बिनबुडाचे ठरून फेटाळले गेले, की कोर्टाची फी हप्त्याने भरायची सवलत बंद. सगळी रक्कम आधी भरा. अपवाद फक्त गंभीर शारीरिक इजेचा धोका डोक्यावर असेल तर. म्हणून जुने दावे विचारतात. फ्लोरिडातली फेडरल (केंद्रीय) न्यायालयं यात फार कडक. दावा फेटाळताना 'पुन्हा दाखल करा' म्हणतात खरं, पण तोवर मुदत टळली तर? तुरुंग बदलताना कागद हरवलेल्याला जुना खटला क्रमांक कुठून आठवणार? अशाने सरळ 'क्रमांक आठवत नाही' लिहावं. 'एकही दावा नाही'वर खूण केली की संपलं.