सोडियम उतरले की पाणी तोडायचेच का?

खानापूरकर :
मेंदूला इजा झालेल्या रुग्णाच्या रक्तातले सोडियम उतरले की पाणी तोडावे, म्हणजे मोजकेच पाणी द्यावे, आणि नातेवाइकांनी मध्ये पडू नये, असे काल येथे लिहिले गेले, म्हणून हा प्रपंच. थोरल्या भावाच्या मेंदूतील धमनीचा फुगा फुटला. सहाव्या दिवशी १३५ ते १४५ असायला हवे ते सोडियम १२४ आले आणि खाटेला 'दिवसाला एक लिटर' अशी चिठ्ठी लागली. लघवीची पिशवी मात्र भराभर भरत होती आणि जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. मूत्रपिंडावाटे मीठ वाहून जात होते आणि त्याच्यामागे पाणीही. अशा रक्तस्रावानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात पाणी तोडले, तर मेंदूला रक्तच पुरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी काढून तीन टक्क्यांचे सलाईन लावले, म्हणून भाऊ आज शेतावर जातो.

निवृत्त परिचारिका, बेळगाव :
कालचे लिखाण माझेच. एका भावावरून नियम ठरत नाही. एडीएच, म्हणजे मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारे संप्रेरक, वाढून शरीरात पाणी साठल्याचे रुग्णही मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना साधे सलाईन दिले, तर मूत्रपिंड त्यातले मीठ टाकते, पाणी ठेवते आणि सोडियम आणखी उतरते. हे निदान १९५७ पासून सर्वमान्य आहे.

खानापूरकर :
मीठगळतीचे वर्णन १९५० चे आहे, बाई. सात वर्षे आधीचे.

निपाणीकर :
तुमचे साल राहू द्या. आमच्या खाटेवरची चिठ्ठी कन्नड आणि इंग्रजीत होती. आईला दोन्ही वाचता येत नाहीत. तिने मायेने रुग्णाला दिवसाला तीन शहाळी पाजली. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम जेमतेम. सीमाभागातल्या माणसाने औषधही दुभाषा घेऊनच घ्यायचे का?

निवृत्त परिचारिका, बेळगाव :
प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणलाच पाहिजे का? आमच्या वॉर्डात कन्नड आयाबायाही तशीच शहाळी आणत, आणि त्यांना चिठ्ठी वाचता येत होती.

निपाणीकर :
म्हणजे आमची आई अडाणी, असेच ना?

निवृत्त परिचारिका, बेळगाव :
तसे म्हटलेले नाही. पेल्याचे चित्र काढून त्यावर फुली मारता आली असती, एवढे कबूल करते. आता आनंद झाला असेल.

खानापूरकर :
पेल्यावर फुली मारूनही माझ्या भावाचे नुकसानच झाले असते. लघवीतले सोडियम तपासायला काय हरकत होती?

निवृत्त परिचारिका, बेळगाव :
दोन्ही प्रकारांत ते वाढलेलेच निघते, म्हणून त्या एका रिपोर्टवर भेद ठरत नाही. अंगात पाणी कमी आहे की जास्त, हे वजन, रक्तदाब आणि आत-बाहेरचा हिशेब यांवरून कळते. फुग्याच्या रक्तस्रावात पाणी तोडू नये, हे मी लिहायला हवे होते. पण सलाईन चढवण्याची घाईही नको : सोडियममध्ये २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ झाली, तर मेंदूच्या खोडाला कायमची इजा होऊ शकते. आता सांगा, तुमच्या भावाचा हिशेब कोणी ठेवला होता?

खानापूरकर :
वहिनीने. दुधाच्या वहीत, तांब्याच्या मापाने.

निवृत्त परिचारिका, बेळगाव :
मग दुसऱ्या डॉक्टरांनी आधी ती वहीच पाहिली असणार.