मदत हवी आहे: स्कॉटिश जावई, आयरिश विहीणबाई आणि आईचा शेला

नमस्कार मंडळी,

लेकीचं लग्न सप्टेंबरात पर्थजवळच्या एका जुन्या गढीत आहे. (ऑस्ट्रेलियातलं नव्हे, स्कॉटलंडचं पर्थ.) जावई ॲबर्डीनशायरचा, विहीणबाई मूळच्या गॉलवेच्या. आपल्या पद्धतीचं लग्न डिसेंबरात पुण्यात होईलच, प्रश्न तिथल्याचा आहे.

मुख्य अडचण 'हँडफास्टिंग'ची. वधूवर हात धरून उभे राहतात, विधी चालवणाऱ्या बाई मनगटांवरून दोरी किंवा टार्टनची (स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची) पट्टी गुंडाळतात. दोघांनी एकेक टोक ओढत हात बाहेर काढले की गाठ बसते. लेकीला टार्टनऐवजी आजीचा शेला हवाय. परवा जेवणाच्या टेबलाशी तालीम केली. मी आणि सौ. ३१ वर्षांनी पुन्हा हात धरून! रेशीमच ते, दोन वेढ्यांत सुळ्ळकन सुटतं. तिसऱ्यांदा शेल्याची जर माझ्या घड्याळात अडकली आणि एक तार निघाली. आईने पाहिलं. तेव्हापासून घरात शेल्याचा विषय बंद. शिवाय तिचं म्हणणं, गाठ करवलीने मारायची आणि घरी आल्यावर सोडायची. ती कायमची बांधून कसली ठेवता?

दुसरं, 'स्क्रॅम्बल'. गाडीत बसताना वधूपित्याने सुटी नाणी उधळायची, पोरांनी वेचायची. किती मोड न्यावी?

तिसरं, भाड्याने किल्ट (पुरुषांचा तो चुणीदार स्कर्ट) घेऊ की धोतर नेसू? सौ. म्हणते, तुम्ही दोन्हीत सारखेच अवघडाल.

आणि 'ब्लॅकनिंग' म्हणून मित्र जावयाला काकवी, पीठ, पिसं फासून उघड्या ट्रकमधून गावभर फिरवणार आहेत. हळदीचे फोटो पाहून त्याने विचारलं, "तुमच्याकडे एवढ्यावरच भागतं?"

प्रतिसाद १
अभिनंदन काका! गाठ टार्टनचीच बसवा, शेला वरून नुसता पांघरा. मोड म्हणजे पाच-दहा-वीस पेन्सची नाणी, ओंजळभर पुरेत. गाडी सुरू व्हायच्या आत उधळा, पोरं थेट चाकांपाशी शिरतात. विधीला धोतर झकास दिसेल, पण रात्री 'केली' म्हणजे लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो. त्यातल्या 'स्ट्रिप द विलो' नाचामध्ये हाताला धरून गरागरा फिरवतात, तेव्हा किल्टच बरा.

आणि दोघांचे अर्ज गेले का? रजिस्ट्रारकडे ते निदान २९ दिवस आधी पोचावे लागतात. त्यावर मिळणारं मॅरेज शेड्यूल (लग्नाचा सरकारी कागद) त्या दिवशी हातात नसेल, तर शेला काय नि टार्टन काय, लग्नच लागत नाही.

प्रतिसाद २
विहीणबाई आयरिश आहेत ना? मग आदल्या रात्री दाराबाहेर मुकुट घातलेल्या बाल येशूची मूर्ती दिसेल कदाचित. पाऊस पडू नये म्हणून ठेवतात, 'चाइल्ड ऑफ प्राग' म्हणतात. मुंडकं तुटून चिकटवलेली असेल तर अधिक गुणाची, असंही मानतात. कुणी विसरलं समजून आत आणू नका!

धागाकर्ता
बरं झालं सांगितलंत, मी नक्की आत आणली असती. अर्ज कालच गेलेत. आई शेला पांघरायला तयार झाली, पण गाठ पुण्यात करवलीच मारेल म्हणाली. किल्टचं माप कळवलंय. आता तेवढं 'स्ट्रिप द विलो' यूट्यूबवर बघून जमेल का, सांगा. गुडघा डावा दुखतो.