मदत हवी आहे: जुन्या हार्डडिस्क जोडल्या की पीसी लोगोवरच अडकतो

माहीमकर
नमस्कार मंडळी. विंडोज ११ एनव्हीएमई एसएसडीवर (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान डिस्क) आहे, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा. जुन्या पीसीतल्या साडेतीन इंची दोन साटा (डेटा आणि पॉवरची वेगळी केबल लागणाऱ्या) डिस्क (५०० जीबी, १ टीबी) जोडल्या की मदरबोर्डचा लोगो येतो आणि तिथेच गाडी अडते. डिलीट दाबूनही बायोस (मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) उघडत नाही. काढल्या की सगळं सुरळीत. ५०० जीबीवर जुनी विंडोज ७ आणि घरचे फोटो आहेत, त्यामुळे फॉरमॅट नको.

ग्रँटरोडवाला
बूट ऑर्डरचा (कुठल्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं त्या क्रमाचा) घोळ असता तर बायोस तरी उघडलं असतं. इथे मदरबोर्ड डिस्कला ओळख विचारतोय आणि उत्तराची वाट बघत बसलाय.

स्विच बंद करून दोन्ही डिस्कना फक्त पॉवर केबल लावा, डेटा केबल नको. पीसी चालू झाला तर पॉवरचा प्रश्न मिटला. फिरायला लागताना अशी डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते; दोन मिळून ४८ वॅट, धडधाकट ४५० वॅटला जड नाही. मग एकेकीची डेटा केबल लावून बघा.

एसएमपीएस सोबत आलेल्याच पॉवर केबल वापरा. दुसऱ्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची केबल घुसते, पण पिनांची रचना वेगळी असली तर डिस्क जळते.

माहीमकर
फक्त पॉवरवर चालू झाला. १ टीबी डेटा केबलसकटही चालते. ५०० जीबी लावली की अडकतो. केबल आणि पोर्ट बदलले तरी तेच. टकटक आवाज नाही.

ग्रँटरोडवाला
म्हणजे ५०० जीबीच आजारी आहे. आता ती लावून पुन्हापुन्हा रीस्टार्ट करू नका, फोटो महत्त्वाचे. स्वतःचा १२ व्होल्ट अॅडॉप्टर असलेला यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायचा स्टँड) घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात सहज मिळेल. नुसत्या यूएसबीवर चालणारी केबल साडेतीन इंची डिस्क फिरवू शकत नाही. विंडोज पूर्ण चालू झाल्यावरच डॉक जोडा. 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) तर मुळीच नको, ते आजारी डिस्कवर लिहायला लागतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सी५ या ओळीतला आकडा शून्य नसेल, तर वाचता न येणारे सेक्टर आहेत. मग फाइली ओढत बसू नका, लिनक्स लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची इमेज (एकाच फाइलमध्ये पूर्ण नक्कल) काढा.

खारीहवा
डिस्क दिसलीच नाही तर तिचं सर्किट बोर्ड टॉर्क्स (चांदणीसारख्या टोकाच्या) स्क्रूड्रायव्हरने उघडून आतले संपर्कबिंदू बघा. मुंबईच्या दमट हवेत ते काळे पडतात. मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या डिस्कचं बोर्ड मात्र लावू नका. प्रत्येकीच्या बोर्डावरच्या चिपमध्ये तिची स्वतःची जुळणीची माहिती असते.

डीडीरेस्क्यूला मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) द्याच, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. कमांडमध्ये आधी आजारी डिस्क, मग इमेज कुठे ठेवायची ती जागा. १ टीबीवर किमान ५०० जीबी मोकळी हवी. एंटर दाबण्याआधी डिस्कचा सीरियल नंबर लेबलशी ताडून घ्या. क्रम उलटा झाला तर फोटोंवरच लिहिलं जाण्याचा धोका असतो.